घाण्याचा पहिला हात

भय्यासाहेब नेहमी वेळेच्या आधी यायचे आणि वर "उशीर तर नाही ना झाला?" असं विचारायचे. घाणा भरायचा होता अकराला. मंगलाची अजून अंघोळसुद्धा व्हायची होती, तेवढ्यात नानाखेड्याच्या त्या अरुंद गल्लीत त्यांच्या गाडीचा हॉर्न वाजला.

"आले," मंगला स्वयंपाकघरातून ओरडली. "गौरी, तुझी रिक्षा सरकव. गाडी लावायला जागा नाही म्हणून दर वेळी ऐकवतात."

"मग एवढी मोठी गाडी घ्यायचीच कशाला?" गौरी म्हणाली, पण उठली. लग्न चार दिवसांवर आलं होतं, तरी कालपर्यंत तिनं देवास गेटपासून महाकालापर्यंत सवाऱ्या नेल्या होत्या. नवऱ्यामुलीनं ई-रिक्षा चालवत गावभर हिंडू नये, हे तिला सगळ्यांनी सांगून झालं होतं. तिनं सगळ्यांना "हो" म्हटलं होतं आणि रिक्षा चालवली होती.

सीमेवर लढाई सुरू झाल्यापासून शहराचा नूरच बदलला होता. सीमा इथून कितीतरी लांब, पण संध्याकाळी सायरन वाजवून दिवे घालवायचा सराव झाला होता, किराण्याच्या दुकानांतून लोक पोत्यानं साखर उचलत होते, आणि मंगला आणि तिची सून जयू ज्या शेडमध्ये शिवणकाम करायच्या तिथे ताडपत्र्यांचं काम बाजूला ठेवून स्ट्रेचरचं कापड शिवायला घेतलं होतं. मंगलाचा मुलगा विक्रांत फौजेत ट्रक ड्रायव्हर. बहिणीच्या लग्नासाठी मिळालेली त्याची सुट्टी रद्द झाली, तेव्हा त्यानं बायकोला फोन करून सांगितलं होतं, "गौरीला म्हणावं, वरातीत माझ्यासारखा नाच दुसऱ्या कुणाला करू देऊ नको." त्यानंतर परवापासून फोन बंद होता.

"त्यांना फोन बंद ठेवायला सांगतात," असं जयू विचारील त्याला सांगत होती. खरंच होतं ते. पण विचारणारे फार होते आणि दर वेळी तिला हसून सांगावं लागत होतं.

आज तिनं लग्नातली माहेश्वरी नेसली होती, अंजिरी, जरीकाठाची. हातभर हिरव्या बांगड्या. फरासखानेवाल्यांच्या या घरात घाण्याचा पहिला हात नवरीच्या वहिनीचा. हळकुंडं घातलेल्या उखळापाशी तिनं उभं राहायचं, आंब्याची पानं बांधलेली मुसळाची जोडी पहिल्यांदा तिनं उचलायची, मग बाकीच्या सवाष्णींनी. जयू या घरात येऊन दोनच वर्षं झाली होती. तिच्या वाट्याला आलेला हा पहिला मान, आणि सकाळपासून ती दारातल्या आरशापुढे तीनदा जाऊन आली होती.

*

कुसुमकाकूंच्या मनात कालपासून एक गोष्ट रुतून बसली होती. भय्यासाहेब म्हणजे मंगलाचे चुलतसासरे, बँकेतून निवृत्त झालेले, माधव नगरात राहणारे, आणि कुसुमकाकू त्यांची बायको. मंगलाचा नवरा तुषार गेला तेव्हा कितीतरी दिवस या घरातला जेवणाचा डबा कुसुमकाकूंच्या हातचा होता. मंगला विधवा, म्हणून गौरीचं कन्यादानही हेच दोघं करणार होते. त्यामुळे काल गौरीच्या होणाऱ्या सासूबाईंनी, म्हणजे रुचिरच्या आईनं, इंदूरहून फोन केला तो काकूंनाच.

बाई आडवळणानंच बोलल्या. विक्रांतचा काही निरोप आला का, असं आधी विचारलं. नाही म्हटल्यावर थोडं थांबल्या आणि मग म्हणाल्या, "घाण्याला पहिला हात कुणाचा असतो तुमच्यात?"

कुसुमकाकू वाईट नव्हत्या. भित्र्या होत्या. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आमच्या ऋताचा. आमची सून." आणि मग रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

आता त्या स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या. मंगला पोहे करत होती. बाहेर भय्यासाहेब गौरीला, शिंद्यांच्या फौजेबरोबर तंबू घेऊन माळव्यात आलेल्या पूर्वजांची गोष्ट सांगत होते. ती गौरीला पाठ होती. त्या घराण्यात आता कापडाला सुई लावणाऱ्या दोघीच उरल्या होत्या, मंगला आणि जयू, पण ते भय्यासाहेबांच्या गोष्टीत कधी यायचं नाही.

"मंगला, एक बोलू? राग नको मानू."

"बोला ना काकू."

"जयूचं मन आज कुठे ठिकाणावर असेल ग! त्यात सगळ्यांसमोर उभं राहायचं. तिला कशाला त्रास? पहिला हात ऋताचा घेऊ. ती निघालीच आहे घरून."

"तिला कसला त्रास? सकाळपासून नटून बसली आहे."

"तेच ग." काकूंनी आवाज खाली घेतला. "उद्या काही वेडंवाकडं कानावर आलं, तर? देव करो नि न येवो. पण आलंच, तर गौरीच्या संसाराला जन्मभर चिकटेल ते. पहिला हात कुणाचा होता बघा, म्हणतील. विहीणबाई कालच विचारत होत्या."

"काय विचारत होत्या?"

"हेच. मी ऋताचं नाव सांगून बसले."

मंगलानं गॅस बंद केला.

नाही म्हणता आलं असतं तिला. शेडमध्ये ती लाइन-इंचार्ज होती. माल वेळेवर न नेणारे ट्रकवाले तिला बघून विडी विझवायचे. पण इथे गौरीचं लग्न होतं, समोर कन्यादान करणाऱ्या काकू होत्या, आणि त्या डब्याचं मीठ तिच्या जिभेवर अजून होतं. खरं सांगायचं तर एवढंच नव्हतं. काकूंनी ते बोलल्यावर मंगलाला स्वतःलाच भीती वाटली. आपल्या पोटच्या पोराबद्दल तसा विचार आपल्याही मनात येऊन गेला होता, याची तिला इतकी लाज वाटली की तो झाकायला ती घाईघाईनं म्हणाली, "बरं. ऋताच करू दे."

मग तिनं जयूला मागच्या दारी बोलावलं.

"शेडवरून प्राजक्ताचा फोन होता. स्ट्रेचरचा माल आज दुपारी ट्रकवर चढवायचा आहे, आणि आपल्या दोन मशिनी रिकाम्या. तू जातेस का?"

फोन आलाच नव्हता. माल खरा होता, रिकाम्या मशिनी खऱ्या होत्या, पण आजची सुट्टी दोघींसाठी मंगलानंच मागून घेतली होती.

जयू तिच्याकडे बघत राहिली. "आणि घाणा?"

"ऋता येते आहे. ती धरेल."

"अच्छा."

"साडी बदलून जा."

"नको. टाइम जाईल उगाच." जयूनं खिळ्यावरची स्कूटीची चावी काढली. "ऋताकाकूंना म्हणावं, मुसळं जड आहेत. नीट धरा."

*

शेड देवास रोडला होती. पत्र्याचं छप्पर, मे महिना, आणि वर पंखे गरम हवाच खाली ढकलत होते. कापडाच्या दोन्ही बाजूंना दांडी जाईल अशी नळी शिवायची आणि तिला दुहेरी शिवण मारायची. माणसाचा सगळा भार त्या शिवणीवर येणार होता, त्यामुळे बायका एरवीसारख्या गप्पा मारत नव्हत्या.

"अरे, ये कौन महारानी आई?" रामकन्याबाईनं मशीन थांबवलं. "जयू! शादी का घर छोड़ के?"

"माल चढना है ना आज," जयू म्हणाली आणि माहेश्वरीवर जुना एप्रन बांधून बसली.

शेजारच्या मशीनवरची प्राजक्ता वाकली. "अग, पण तुमच्याकडे आज घाणा ना? मंगलाताई सगळ्या शेडला सांगत होत्या, माझ्या सुनेचा पहिला हात आहे म्हणून."

"तू घरी फोन केला होतास ना?"

"मी? मी कशाला फोन करीन? मीच ताईंना म्हटलं, निवांत या, आम्ही ओढून नेतो माल."

जयूनं मान हलवली. तिला घरीच कळलं होतं. आता पक्कं झालं एवढंच.

तिला सासूचा भयंकर राग आला. काकूंचा आला नाही, त्या बिचाऱ्या मांजर आडवं गेलं तरी परत फिरतात. पण विक्रांतच्या आईनं असं करावं? परवापासून जयूनं स्वतःच्या मनाला एक गोष्ट शिवू दिली नव्हती. अंथरुणावर पडली तरी नाही, फोन हातात घेतला तरी नाही. ते मनाबाहेर ठेवायला किती जोर लागतो हे तिचं तिलाच माहीत, आणि ज्या घरासाठी ती हसून बोलत होती त्याच घरानं तिला मागच्या दारानं बाहेर काढलं होतं.

"क्या हुआ बेटा?" रामकन्याबाई म्हणाली. "रो रही है क्या?"

"नहीं मौसी. धूल है."

"हां, धूल तो बहुत है," रामकन्याबाई म्हणाली आणि तिनं स्वतःच्या पिंपातलं गार पाणी आणून जयूपुढे ठेवलं.

जयूनं कापड सुईखाली सरकवलं. आज एकही टाका वाकडा जाऊ द्यायचा नाही असं तिनं ठरवलं, आणि जाऊ दिला नाही.

*

उषामाई पूजेवरून उठल्या तेव्हा बाहेरच्या खोलीत उखळ मांडलं होतं, गौरीच्या कपाळाला कुंकू लागलं होतं आणि शेजारच्या दोघी-तिघी येऊन बसल्या होत्या. उषामाई म्हणजे मंगलाच्या सासूबाई, गौरीची आजी. गिरणीत मागावर उभं राहून आयुष्य गेलेलं. त्या आवाजानं कान अधू झाले होते, त्यामुळे त्यांचं खाजगी बोलणंही चौकापर्यंत जायचं.

"जयू कुठाय?"

"शेडवर गेली, माल चढायचा होता," मंगला म्हणाली, आणि त्याच क्षणी कुसुमकाकू म्हणाल्या, "तिला बरं वाटत नव्हतं."

शेजारची एक बाई छताकडे बघायला लागली.

"दोघींनी आधी ठरवून घ्या," उषामाई म्हणाल्या. "मी थांबते."

गौरी पाटावरून उठली. "आई, वहिनी कुठाय? खरं सांग."

मंगलानं पदरानं तोंड पुसलं. "शेडवरच आहे. फोनबिन काही आला नव्हता. मी तिला खोटं सांगून घालवली." काकू काही बोलणार तेवढ्यात तिनं हात केला. "काकूंनी सुचवलं, पण घालवली मी."

"का पण?"

"वहिनी, मी सांगतो," भय्यासाहेब उषामाईंकडे वळून म्हणाले. त्यांना हे सगळं गाडीत कळलं होतं आणि तेव्हापासून त्यांना ते पटलंही होतं. "यात कुणाचा वाईट हेतू नाही. विक्रांतची खुशाली कळेपर्यंत जरा जपून. मुलाकडच्यांनीही विचारलं. शुभकार्यात शंकेला जागा कशाला?"

उषामाई खाली बसल्या. पाय दुखतात म्हणून त्या एरवी खुर्ची मागायच्या, आज उखळाशेजारी जमिनीवरच बसल्या.

"एकाहत्तरची लढाई आठवते तुला, भय्या?"

"आठवते की."

"तुझ्या बहिणीचं लग्न तेव्हाच होतं. हे फौजेत ट्रक चालवत होते, आणि यांचं काही कळत नव्हतं. गिरणीच्या काचांना काळा कागद लावलेला, रस्त्यावर दिवा नाही. मी रात्रपाळी करून भिंत चाचपडत घरी आले, न्हाले, नवी साडी नेसले. पहिला हात माझा होता. मी वहिनी होते. सासूबाई म्हणाल्या, उषा, तू दमली असशील, आत पड जरा." उषामाई हसल्या. "दमली असशील! लग्नाच्या घरात कुणी सुनेला असं म्हणतं का रे? मी पडले आत. भिंतीपलीकडून मुसळांचा आवाज येत होता. तू तेव्हा पंगतीत श्रीखंड वाढत होतास."

"मी कॉलेजात होतो वहिनी. मला काय ठाऊक?"

"तुला दोष नाही देत. ऐक पुढे. हे आले. पायात गोळी घेऊन आले, पण चांगले हसत आले. आणि तुझी बहीण माहेरपणाला आली तेव्हा यांच्यासमोर मला विचारते, वहिनी, माझ्या घाण्याला तुम्ही का नव्हता? काय सांगू मी? तुझ्या आईनं माझा नवरा जिवंतपणी मारून टाकला होता, असं सांगू? मी म्हटलं, दमले होते. जन्मभर यांना मी खरं सांगितलं नाही. आईवरचं प्रेम उडालं असतं त्यांचं."

भय्यासाहेबांना ते श्रीखंड आठवलं. वाटीत वाढताना त्यांच्या बाहीला लागलं होतं. आत कोण बसलंय हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नव्हतं, आणि पुढेही कधी नाही. त्यांना ओशाळल्यासारखं झालं, आणि ओशाळले की ते नेहमी नियमांकडे जायचे.

"सगळं खरं," ते म्हणाले. "पण विहीणबाईंना शब्द गेला आहे. तो फिरवला आणि त्यांनी काही केलं, तर कन्यादानाला आम्ही कोणत्या तोंडानं उभं राहायचं?"

त्यांना धमकी द्यायची नव्हती. पण बोलून गेल्यावर ती धमकीसारखीच दिसायला लागली.

"नका राहू," मंगला म्हणाली.

"काय?"

"कन्यादान मी करीन."

"तू? मंगला, अग एकट्या बाईनं..."

"एकट्या बाईनंच वाढवली तिला. शेडमध्ये कापडाच्या गठ्ठ्यावर निजवून वाढवली. तेव्हा कुणी शास्त्र काढलं नाही." तिचा आवाज चढला नव्हता, पण शेडमधल्या ट्रकवाल्यांनी तो ओळखला असता. "तुमचे उपकार मी विसरत नाही, भय्यासाहेब. काकूंचे तर कधीच नाही. पण माझ्या मुलाला मी आज घरात मारून टाकला, आणि त्याच्या बायकोला हाकललं. ते मला आधी निस्तरू दे. गौरी, रिक्षा काढ."

"आणि माझी सासू?" गौरीनं विचारलं. तिचे डोळे भरले होते, पण चावी आधीच हातात होती.

"ते तू आणि रुचिर बघा."

"बघतो की. माझ्या घरात माझी वहिनी नको असेल, तर त्यांच्या घरात मीही नको. मी रुचिरला असंच बोलून देईन."

मंगलानं मुसळांची जोडी कापडात गुंडाळली. लाकडी उखळ तिला एकटीला हलेना. शेजारणी पुढे झाल्या, आणि त्यांच्या मागून कुसुमकाकू.

"थांब. मी पण येते."

"कुसुम!" भय्यासाहेब म्हणाले.

"काय कुसुम? शब्द मी दिला. मीच परत घेते." काकूंनी पर्समधून फोन काढला. नंबर गौरीनं लावून दिला. "विहीणबाई? नमस्कार. काल मी चुकीचं सांगितलं. आमच्यात पहिला हात वहिनीचा असतो. हो, तीच, विक्रांतची बायको. नाही, निरोप नाही आला अजून. तरीही. घाणा देवास रोडला, शेडमध्ये आहे. यायचं तर या." त्यांनी फोन परत पर्समध्ये टाकला.

"काय म्हणाल्या?"

"विचार करून सांगते म्हणाल्या."

"करू दे," उषामाई म्हणाल्या. "चला, मला हात द्या कुणीतरी."

*

नवरी रिक्षा चालवते आहे, मागे आजी आणि काकू, मधे उखळ, आणि आई मुसळं मांडीवर आडवी धरून बसली आहे, हे देवास रोडवर पुष्कळांनी वळून वळून पाहिलं. सिग्नलला एका पोलिसानं "कहां चली बारात?" विचारलं, तर गौरीनं त्याला "कारखाने!" असं उत्तर दिलं. ऋता गल्लीच्या तोंडाशीच भेटली होती. तिला काही न सांगता पुढच्या सीटवर चढवलं होतं, आणि नंतर सगळं कळल्यावर ती म्हणाली, "सुटले बाई. मला धाकधूकच होती." भय्यासाहेब मागून गाडी घेऊन येत होते. त्यांना कुणी ये म्हटलं नव्हतं, येऊ नका असंही म्हटलं नव्हतं.

शेडमध्ये मंगला सगळ्यांच्या पुढे शिरली. इथल्या प्रत्येक बाईला तिनं कधी ना कधी रागावून घेतलं होतं, खोटी सुट्टी घेतली म्हणून, खोटं कारण सांगितलं म्हणून. उखळ आत येताना बघून एकेक मशीन थांबत गेलं. शेवटी एकच चालू राहिलं.

"जयू," मंगला तिच्या मशीनपाशी उभी राहून म्हणाली.

"एवढी नळी होऊ द्या."

मंगला थांबली. सगळी शेड थांबली. जयूनं शिवण टोकापर्यंत नेली, मागे फिरवून पक्की केली, दोरा कापला, कापड घडी करून ढिगावर ठेवलं. मग वर बघितलं. अंजिरी साडीला सुताची कुसं चिकटली होती.

"बोला आता."

"प्राजक्ताचा फोन नव्हता. मी खोटं बोलले," मंगला म्हणाली. शेवटच्या ओळीतल्या बाईलाही ऐकू जावं म्हणून तिनं मुद्दाम आवाज मोठा ठेवला. "मला भीती वाटली, जयू. विक्रांतबद्दल नको ते माझ्या मनात आलं. ते मला सोसेना, म्हणून तुला नजरेआड केलं. चुकलं माझं."

"मी किती सांभाळलं होतं, आई." जयू म्हणाली. "एकदासुद्धा मनात येऊ दिलं नव्हतं मी. तुम्ही आणलंत."

"हो. मी आणलं."

जयूनं एप्रन सोडला. तेवढ्यात बायकांनी कटिंगचं टेबल सरकवून जागा केली होती. उखळ मांडलं, हळकुंडं पडली, गौरी समोर बसली. खाली फरशी समतल नव्हती आणि उखळ डुगडुगत होतं. कोण धरतं बघत असताना रेशमी कुरत्यातले भय्यासाहेब पुढे आले, सुताच्या कचऱ्यात उकिडवे बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी उखळ धरलं. "हं," एवढंच म्हणाले.

जयूनं मुसळांना हात लावला आणि थांबली.

"मी एकटी नाही धरणार. आई, तुम्ही पण."

"मी?" मंगला मागे सरली. "अग, मी कशी धरू? मी..."

"आज मी सवाष्ण आहे की कोण, हे इथे कुणाला ठाऊक आहे?" जयू म्हणाली. "मला तरी ठाऊक आहे का? तरी तुम्ही सगळे उखळ घेऊन माझ्यामागे आलात. मग जिला स्वतःचं ठाऊक आहे, तिनंच काय म्हणून बाजूला उभं राहायचं?"

कुसुमकाकूंनी स्वतःच मंगलाच्या पाठीला हात लावून तिला पुढे केलं.

मंगलानं मुसळ धरलं. सुनेच्या हिरव्या बांगड्या वर, तिचा मोकळा हात खाली.

"नाम लो, नाम!" रामकन्याबाई ओरडली. "बिना नाम के नहीं चलेगा!"

कुणीतरी तिला चूप केलं. आजच्या दिवशी जयूला नाव घ्यायला सांगावं की नाही, हा विचार सगळ्यांच्या तोंडावर दिसत होता. जयूनं मान ताठ केली.

"जाड कापड, जाड सुई, टाका बसतो घट्ट,
विक्रांतरावांचं नाव घेते, सोडत नाही हट्ट!"

शेडचा पत्रा दणाणला. गौरी हसत होती आणि रडत होती. ऋतानं शिट्टी मारली, आणि आपल्या सुनेला शिट्टी येते हे भय्यासाहेबांना त्या दिवशी कळलं. मंगला सुनेकडे बघत होती. केवढी पोर ही, आणि आपल्या घरात आहे, या अभिमानानं तिचा ऊर भरून आला.

"आता तुम्ही," जयू हळूच म्हणाली.

"मला नाही येत आता."

"येतं. घ्या."

तुषार गेल्यापासून मंगलानं त्याचं नाव फक्त दाखल्यांवर लिहिलं होतं. चार बायकांत मोठ्यानं घेतलं नव्हतं, ते कुणी तिच्याकडे मागितलंही नव्हतं. जुना उखाणा आठवेना, नवा जुळेना. बायका वाट बघत होत्या. उषामाई कानामागे हात धरून पुढे वाकल्या होत्या, मुलाचं नाव ऐकायला.

"तुषारराव," मंगला म्हणाली. मग आणखी मोठ्यानं म्हणाली, "तुषारराव फरासखानेवाले. मी त्यांची बायको आहे."

आणि दोघींनी मिळून मुसळं उचलली.